चवथीनंतर फुटलेली लेन्स : कुंडईतल्या एका लेझर मशीनचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराचा फॅब्रिकेशन कारखाना आहे. औषध कंपन्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या, ट्रॉल्या, जाळ्या हे रोजचं काम, आणि मधूनमधून बार्ज-दुरुस्तीच्या जाड पत्र्याच्या ऑर्डरी. तिथं चार किलोवॉटचं जुनं कार्बन डायऑक्साइड लेझर कटिंग मशीन आहे. गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर ते सुरू केलं आणि पहिल्याच शीटवर फोकसिंग लेन्स फुटली. हेडमधून पांढरा धूर आला, उग्र वास सुटला, मशीन आपोआप बंद पडलं.

मालकांनी मला बोलावलं ते एवढंच विचारायला, की बदली लेन्स कोणती मागवू. तोवर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं : ऑपरेटर लेन्स नीट पुसत नाही. लेन्स गेली की पहिलं बोट पुसणाऱ्याकडे जातं, हे मी कोकण पट्टीत बऱ्याच कारखान्यांत पाहतो. त्यामुळे लेन्स सुचवण्याआधी मी ऑपरेटरशी बोलायला बसलो.

तो बांद्याकडचा, त्या मशीनवर कित्येक वर्षं काढलेला. म्हणाला, ‘साहेब, मे महिन्यापर्यंत काहीच तक्रार नव्हती. पाऊस लागला आणि मशीनचं वागणं बदललं. सकाळी पहिली-दुसरी शीट साफ निघते, मग खालून बर, म्हणजे वितळून चिकटलेला धातूचा काठ, धरायला लागते. फोकस पाऊणेक मिलिमीटर खाली दिला की परत बरं चालतं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. शेठना सांगितलं, तर म्हणाले लेन्स पूस. पुसली की दोन दिवस जास्तच बिघडतं.’

या बोलण्यात सगळं प्रकरण होतं. थंड मशीनवर कट चांगला, तापल्यावर बिघडतो, फोकस खाली नेला की सुधारतो, याचा अर्थ लेन्स तापून स्वतःची प्रकाश एकवटण्याची ताकद वाढवत होती आणि फोकस वर, लेन्सकडे सरकत होता. पुसल्यावर जास्त बिघडतं, हा धागा तर सोन्यासारखा होता. त्याकडे पुढे येतो.

या मशीनच्या लेन्स झिंक सेलेनाइडच्या असतात, पिवळसर आणि दिसायला देखण्या. कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश १०.६ मायक्रॉनचा, साध्या काचेतून तो जातच नाही, झिंक सेलेनाइडमधून जातो. पण या द्रव्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, २.४ असल्यामुळे उघड्या पृष्ठभागावरून सुमारे १७ टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही बाजूंचा हिशेब केला तर तीसेक टक्क्यांवर पाणी सोडावं लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना परावर्तनरोधक कोटिंग द्यावं लागतं. खुद्द झिंक सेलेनाइड फारच कमी प्रकाश शोषतं, लेन्समध्ये जी उष्णता तयार होते तिचा मोठा वाटा कोटिंगचा. नेहमीच्या चांगल्या लेन्सचं एकूण शोषण ०.२ टक्क्यांपर्यंत असतं, ‘लो ॲब्सॉर्प्शन’ म्हणून जास्त भावाने मिळणाऱ्या लेन्सचं ०.१५ किंवा त्याखाली.

हे आकडे वाचताना क्षुल्लक वाटतात. ४००० वॉटच्या ०.२ टक्के म्हणजे ८ वॉट. ही लेन्स १९०.५ मिलिमीटर फोकल लांबीची होती आणि तिच्यावर किरण साधारण १८ मिलिमीटर रुंदीचा पडत होता. झिंक सेलेनाइडची उष्णतावहन क्षमता आणि तापमानागणिक बदलणारा अपवर्तनांक धरून ढोबळ हिशेब केला, तर लेन्समध्ये मुरणाऱ्या प्रत्येक जादा वॉटमागे फोकस साधारण पाव मिलिमीटर वर सरकतो. ऑपरेटर पाऊण मिलिमीटर खाली देत होता, म्हणजे लेन्स नेहमीपेक्षा तीनेक वॉट जास्त गिळत होती. हे तीन वॉट पावसाळ्यातच कुठून आले, एवढाच प्रश्न उरला.

फुटलेल्या लेन्सचे तुकडे तपासात फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण शेवटच्या क्षणी सगळंच जळून जातं. नशिबाने जूनपासून वापरलेली आणि चवथीच्या आधी काढून ठेवलेली लेन्स डबीत होती. हातमोजे घालून ती एकमेकींना आडव्या ठेवलेल्या दोन पोलरायझर फिल्मच्या (एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश सोडणाऱ्या फिल्मच्या) मध्ये धरली. ताण नसलेली लेन्स अशा वेळी एकसारखी काळी दिसते. या लेन्सच्या मध्यभागी उजेडाचा फिकट फुलोरा दिसत होता, म्हणजे तिथं उष्णतेचा ताण बसला होता. नुसत्या डोळ्याला मात्र मध्यभाग स्वच्छ दिसत होता.

मग ती टेबललॅम्पखाली तिरपी धरली. वरच्या पृष्ठभागावर, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतपर्यंत एक दुधाळ कडं होतं, आतल्या बाजूला इंद्रधनुषी झाक मारणारं. दहापट भिंगातून पाहिलं तर कोटिंगमध्ये बारीक टिपके आणि बेटं पडली होती, कडेला जास्त, आत जाताना विरळ. खालच्या बाजूला, जिथं धातूचे शिंतोडे उडतात, तिथं काही डाग होते पण कडं नव्हतं. लेन्स निकामी झालीच होती, म्हणून कडेवर सेलोटेप घट्ट दाबून झटक्याने ओढली. टेपवर खवले आले.

वरची बाजू आणि कडा, या दोन गोष्टींनी दिशा ठरली. कटिंगची घाण खालून येते. वरच्या बाजूला असतो किरणमार्ग, त्यात सोडलेली कोरडी हवा, आणि पाण्याने थंड केलेला लेन्स होल्डर, जो लेन्सला कडेनेच धरतो. कोटिंग बाहेरून आत, कडेकडून मध्याकडे कुजलं होतं. हे काम पाण्याचं होतं.

पाणी आणि १०.६ मायक्रॉन यांचं वैर किती टोकाचं आहे, हे आपल्याकडच्या कारखानदारांना कुणी सांगतच नाही. या तरंगलांबीला पाण्याचा शोषणांक सेंटिमीटरमागे आठशेच्या वर आहे. एक मायक्रॉन जाडीचा पाण्याचा थर सुमारे ८ टक्के प्रकाश खातो. कोटिंगच्या छिद्रांत मुरलेलं सगळं पाणी एकत्र करून त्याचा थर फक्त १० नॅनोमीटर भरला, तरी ०.०८ टक्के शोषण वाढलं. चार किलोवॉटला ते होतात तीन वॉट. ऑपरेटरच्या पाऊण मिलिमीटरचं कोडं इथं सुटतं, आणि त्यासाठी लेन्स ओली दिसायचीही गरज नाही.

कोटिंगमध्ये छिद्रं का असतात? शोषण कमी ठेवायचं तर या तरंगलांबीला कमी अपवर्तनांकाचा थर फ्लोराइडचाच लागतो. तो निर्वातात वाफेने बसवतात. वाफेने बसलेला थर सपाट तुळतुळीत नसतो, सूक्ष्म खांब शेजारी शेजारी उभे राहावेत तसा वाढतो, आणि खांबांच्या फटींत हवेतली वाफ शिरते. त्यात १०.६ मायक्रॉनसाठीचे थर जाड : एकाच थराचं कोटिंग करायचं झालं तर १.७ मायक्रॉन लागेल, प्रत्यक्षातल्या दोन-तीन थरांच्या रचनेतही फ्लोराइडचा थर मायक्रॉनच्या घरात जातो. याउलट फायबर लेझरच्या (१.०७ मायक्रॉनवर चालणाऱ्या नव्या जातीच्या लेझरच्या) कोटिंगमधला सिलिकाचा पाव तरंगलांबीचा थर ०.१८ मायक्रॉनचा असतो. जाड थरात फटी जास्त, ताणही जास्त, आणि ताणलेल्या थराच्या मुळाशी पाणी गेलं की खवले सुटतात.

फ्लोराइड कोणतं, यावर पुढचं सगळं अवलंबून. कित्येक दशकं थोरियम फ्लोराइड वापरलं गेलं. शोषण कमी, पाण्यालाही दाद देत नाही. पण थोरियम किरणोत्सारी, आपल्याकडे अणुऊर्जेच्या कायद्याच्या कक्षेत येणारं. वापरात असलेल्या अखंड लेन्सपासून ऑपरेटरला धोका नगण्य असला, तरी कोटिंग करणाऱ्याला आणि जळलेल्या लेन्सची धूळ हाताळणाऱ्याला तो आहे. म्हणून थोरियममुक्त कोटिंग आली, आणि ती यायलाच हवी होती. पर्यायांमध्ये बेरियम फ्लोराइडचं शोषण अगदी कमी, पण ते पाण्यात थोडं विरघळतं, लिटरमागे दीडेक ग्रॅम. यिट्रियम आणि यटर्बियम फ्लोराइड पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, मात्र त्यांचे थर ताणाला नाजूक असतात आणि शोषण किंचित जास्त भरतं. आयनांचा मारा करून थर घट्ट बसवता येतो, पण मारा जास्त झाला की फ्लोराइडमधला फ्लोरिन उडतो आणि शोषण पुन्हा वाढतं. हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचं आवरण ओलाव्याला पुरून उरतं, पण किलोवॉटच्या किरणाला ते चालत नाही, इतका प्रकाश स्वतःच खातं. ओलावा आणि शोषण या दोन्ही आघाड्यांवर पैकीच्या पैकी गुण मिळवणारं द्रव्य नाही. चांगला कोटर बेरियमसारख्या कमी शोषणाच्या थरावर झिंक सेलेनाइडचं किंवा दुसऱ्या घट्ट द्रव्याचं पातळ झाकण घालतो आणि मधला मार्ग काढतो.

कुंडईच्या लेन्स थोरियममुक्त, लो ॲब्सॉर्प्शन जातीच्या होत्या, त्या वर्षी प्रथमच घेतलेल्या. प्रमाणपत्रावर शोषण ०.१५ टक्क्यांखाली, आणि तो आकडा खोटा असेल असं मला वाटत नाही. पुरवठादाराकडे खोदून विचारल्यावर कळलं की मुख्य थर बेरियम फ्लोराइडचा आहे, वर पातळ झाकण आहे. झाकण वरून असतं. लेन्सच्या कडेला, जिथं थर संपतात, तिथं ते उघडे राहिले असावेत. पाण्याला तेवढी वाट पुरली.

आता शेडमधल्या हवेकडे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास घुटमळते. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्याखाली हवेतलं पाणी दव होऊन धरतं ते तापमान, २६ अंशांचा. या शेडला एसी नाही. चिलर, म्हणजे मशीनमध्ये थंड पाणी फिरवणारं यंत्र, २० अंशांवर लावलेला होता, कारण मशीन जिथून आलं तिथं तो तसाच होता. म्हणजे लेन्स होल्डर सबंध पावसाळा दवबिंदूच्या सहा अंश खाली बसला होता. एसीच्या गाडीतून बाहेर पडल्यावर चष्म्याचं जे होतं ते या लेन्सच्या कडेचं अखंड होत होतं. मशीन चालू असताना किरणमार्गातली कोरडी हवा ते थोपवून धरायची, तीही अर्धवटच. कॉम्प्रेसरच्या ड्रायरचा ऑटो-ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, गंजून अडकला होता. हवेची नळी काढून स्वच्छ आरशावर धरली, तर बारीक फवारा उठला.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्र आणि खाड्या जवळ असल्याने इथल्या हवेत मिठाचे कण असतात. गंमत अशी, की कोरडं मीठ या लेझरला जवळपास पारदर्शक आहे, एके काळी मिठाच्या स्फटिकाच्या खिडक्या कार्बन डायऑक्साइड लेझरला लावत असत. पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. लेन्सवर बसलेला मिठाचा कण चार महिने खारट पाण्याचा थेंब बनून राहतो, दवबिंदूपेक्षा लेन्स गरम असली तरीही. किनाऱ्यापासून आत असलेल्या पुणे किंवा नाशिकच्या कारखान्यांच्या अनुभवावर विसंबून इथं लेन्स घेऊ नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि पुसणं. ऑपरेटर पद्धतीप्रमाणेच पुसत होता, लेन्स टिश्यू, ॲसिटोन, एकाच दिशेने ओढ. मी त्याला माझ्यासमोर एका निकामी लेन्सवर करून दाखवायला सांगितलं. टिश्यू पुढे सरकला, ॲसिटोन उडालं, आणि त्याच्या मागोमाग पृष्ठभागावर क्षणभर पांढुरकी साय आली नि गेली. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग इतका थंड करतो की दमट हवेत तिथं लगेच दव धरतं. बाटलीतलं ॲसिटोनही सतत उघडं राहून हवेतलं पाणी पीत असतं. म्हणजे दर पुसण्यासरशी कोटिंगला एक आंघोळ. पुसल्यावर दोन दिवस जास्त बिघडतं, हे त्याचं निरीक्षण अक्षरशः खरं होतं. मालकांना मी ते त्याच्या देखत सांगितलं, कारण पावसाळाभर त्याने विनाकारण बोलणी खाल्ली होती.

चवथीचा घाव मात्र वेगळा. चवथीला गोव्यात आणि सिंधुदुर्गात कारखान्यात कोण थांबणार? सगळे घरी. जाताना कॉम्प्रेसर बंद केला, कोरडी हवा थांबली. चिलर मात्र पाणी साचून शेवाळ धरू नये म्हणून कुणीतरी चालू ठेवून गेलं. हेतू चांगला होता. पण सुट्टीभर २० अंशांचा होल्डर आणि साचलेली दमट हवा एकमेकांसमोर राहिली. होल्डरवर दव जमलं, गॅस्केटच्या खाचेत पाणी साठलं, आधीच सैल पडलेल्या कोटिंगखाली गेलं. सुट्टीनंतर मशीन चालू करून थेट पूर्ण ताकदीने शीट लावली. झिंक सेलेनाइड तापलं की जास्त शोषतं, जास्त शोषलं की आणखी तापतं. एकदा हे चक्र सुरू झालं की लेन्स काही सेकंदांत जाते.

उपाय एकाच वेळी केले नाहीत, मुद्दाम. आधी बिनखर्चाचे. चिलरचं लेन्सकडचं पाणी २८ अंशांवर नेलं. या मशीनला लेझर स्रोत आणि हेड यांचे पाण्याचे मार्ग वेगळे करता आले, म्हणून स्रोताला थंड पाणी मिळत राहिलं. नव्या मशीनचे चिलर दोन तापमानांचे असतात ते नेमके यासाठी. ऑटो-ड्रेन बदलला. लेन्स पुसायचं काम ऑफिसच्या एसी खोलीत नेलं, लहान बाटलीतलं ताजं ॲसिटोन, आणि पुसलेली लेन्स सिलिका जेलच्या घट्ट डबीत बंद करूनच शेडमध्ये आणायची, डबी शेडच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. ही शेवटची अट ऑपरेटरला सांगावी लागली नाही, ‘नाहीतर बाहेर आणल्याबरोबर घाम फुटेल तिला’ असं तोच म्हणाला. मोठ्या सुट्टीला लेन्स काढून डबीत ठेवायची, चिलर बंद करायचा, आणि परतल्यावर आधी तासभर कोरडी हवा सोडून मग कमी ताकदीने सुरुवात करायची.

एवढ्याने, जुन्याच जातीच्या नव्या लेन्सवर, फोकस सरकणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. मग लेन्स बदलली : यटर्बियम फ्लोराइडचं कोटिंग, प्रमाणपत्रावर शोषण ०.२ टक्क्यांपर्यंत. मालकांना हे पटायला वेळ लागला, आणि त्यांची शंका रास्त होती. कागदावर कमी प्रतीची लेन्स बसवायची आणि वर तिलाच जास्त भरवशाची म्हणायची? मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, की ०.१५ ची लेन्स सप्टेंबरमध्ये ०.२५ च्या आसपास गेली असावी, आणि ०.२ ची ०.२ वर टिकली तर कटिंगला तीच बरी. ठरलेला आठ वॉटचा ताप मशीनच्या फोकस सेटिंगमध्ये बसवता येतो. दर आठवड्याला वाढणारा ताप कशातच बसवता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या लेन्सच्या कडेला कडं आलं नाही, आणि ऑपरेटरने जूनमध्ये लावलेला फोकस फारसा हलवला नाही.

दरम्यान मालकांनी विचारलंच, की फायबर लेझर घेतला तर ही सगळी कटकट सुटेल का. बरीच सुटेल. १.०७ मायक्रॉनला पाणी हजारो पटींनी कमी शोषतं, मुरलेल्या ओलाव्याने थेट ताप असा चढत नाही. लेन्स क्वार्ट्झची, कोटिंग हाफ्निया-सिलिकासारख्या ऑक्साइडचं, आणि ते आयन बीम स्पटरिंगने (आयनांच्या झोताने द्रव्य उडवून थर बसवण्याच्या पद्धतीने) बसवलं असेल तर इतकं घट्ट की पाण्याला शिरायला जागा नाही, शोषण दहा लाखांत मोजक्या भागांचं. पण स्वस्त संरक्षक काचांवरचं कोटिंग पुष्कळदा वाफेनेच बसवलेलं, सच्छिद्र असतं. त्यात पाणी शिरलं की अपवर्तनांक बदलतो, परावर्तनाचा आलेख सरकतो. शिवाय क्वार्ट्झ उष्णता झिंक सेलेनाइडच्या तेराव्या हिश्शानेच वाहून नेतं, म्हणून वरच्या घाणीचा एक डागही तिथं मुक्काम ठोकून तापतो. दव, मीठ आणि चिलरचं तापमान यांचे नियम तिथंही तेच.

खरेदीच्या बाबतीत माझं म्हणणं ठाम आहे. प्रमाणपत्रावरचा शोषणाचा आकडा नव्या, कोरड्या लेन्सचा असतो. तो आयएसओ ११५५१ प्रमाणे, म्हणजे लेन्समधून लेझर सोडून तिची तापमानवाढ मोजून काढलेला आहे का, हे विचारायचं. मग ओलाव्याची चाचणी. मिल-सी-४८४९७ या अमेरिकी लष्करी मानकात कोटिंग ४९ अंश आणि ९५ ते १०० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवतात, शिवाय टेप लावून ओढतात आणि कापडाने घासतात. खवले सुटले नाहीत की पास. चोवीस तासांची चाचणी आणि आपले चार महिने यांत फरक आहेच, पण त्याहून मोठी उणीव अशी की या चाचणीनंतर शोषण पुन्हा मोजायचं बंधन नाही. कोटिंग चिकटून राहिलं आणि आत पाणी घेऊन बसलं, तरी ते पास होतं. म्हणून कुंडईच्या खरेदी ऑर्डरमध्ये आता एक ओळ जास्त असते : ओलावा चाचणीच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही शोषण लिहून द्यावं. काही पुरवठादार या ओळीवर गप्प होतात. ज्याने दोन्ही आकडे दिले, त्याच्याकडून घ्यायचं ठरलं.

फुटलेल्या लेन्सचं काय केलं, हेही लिहितो, कारण इथं निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. हेडमध्ये पडलेली पिवळी-पांढरी पूड सेलेनियमच्या संयुगांची असते, ती विषारी आहे, आणि जुनी लेन्स असेल तर तिच्यात थोरियमही असू शकतं. वास आला की शेडबाहेर पडायचं, दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची. नंतर मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने पूड टिपायची. झाडू नाही, एअरगन तर मुळीच नाही. फडकं, हातमोजे, तुकडे सगळं जाड पिशवीत सीलबंद करून वर नाव लिहायचं आणि लेन्सच्या पुरवठादाराला परत द्यायचं. कुंडईत त्या दिवशी हेल्परने एअरगन हातात घेतली होती. ऑपरेटरने ओरडून थांबवलं.